ह्यांचे मारधाडीचे पिक्चर

८ जानेवारी

रुग्णाचे नाव : महेंद्र गमरे. वय सहासष्ट. एसटीतून निवृत्त वाहक. अकरा डिसेंबरला पक्षाघात. उजवा हात अधू, पाय सुधारतो आहे. समजते सगळे, बोलता येत नाही. नोंद ठेवणार : पत्नी, कमला गमरे, निवृत्त शिक्षिका, कुवारबाव, रत्नागिरी.

दीपालीने असंच सुरू करायला सांगितलं. ती वाचा-उपचाराची मुलगी, मंगळवारी आणि शुक्रवारी घरी येते. "रोज चार ओळी लिहा काकू, पुरे." चार ओळींत माझं काय होणार? तिच्यासाठी वेगळा कागद करते. ही वही माझी. तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, आता एक स्वतःची असू दे.

आज चित्रांची कार्डं दाखवली. छत्री, तांब्या, मासा. हे तोंड उघडतात, गळ्याच्या शिरा ताणतात आणि "ता... ता..." एवढंच बाहेर येतं. तांब्याला "ता" आलं तेव्हा मला केवढा आनंद झाला. मग छत्रीलाही "ता" आणि माशालाही "ता". प्रत्येक वेळी मी चूक सांगितली आणि बरोबर शब्द तीनदा म्हणून दाखवला. पंधराव्या कार्डानंतर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. थकले असणार.

दीपाली म्हणते, पहिले सहा महिने महत्त्वाचे. जे परत यायचं ते बहुतेक त्यातच येतं. म्हणजे जूनपर्यंत. मला भीती वाटते. माझं नाव घेणारा ह्या घरात तो एकच आवाज होता.

१२ जानेवारी

लहानपणापासून पाठ असलेलं लवकर परत येतं, असं दीपालीचं म्हणणं. म्हणून सकाळी वंदनेला ह्यांना खुर्चीत बसवलं. मी "बुद्धं सरणं" म्हणून थांबले आणि काय सांगू, ह्यांनी "गच्छामि" म्हटलं! अगदी आपणहून! फक्त "च्छ" नीट आला नव्हता. मी म्हटलं, "छान, पण परत म्हणा. गच्छामि." त्यांनी माझ्याकडे बघितलं, ओठ मिटले, ते दिवसभर उघडले नाहीत.

उद्या "च्छ" घ्यायचा.

२३ जानेवारी

टीव्हीचं आता अती झालं. सकाळी दहा ते संध्याकाळी सात मारधाड. दक्षिणेकडचे पिक्चर, हिंदीत आवाज भरलेले. हिरो एक लाथ मारतो आणि आठ माणसं आठ दिशांना उडतात. जीप हवेत उडते, हिरो तिच्यावर उडतो. पाठीत तीन गोळ्या घेऊन तो आईला भेटायला घरी जातो, आणि आई विचारते, जेवलास का. चाळीस वर्षांपूर्वी हेच दाखवत होते, आजही हेच दाखवतात, लोक तेव्हाही बघत होते आणि आजही बघतात. ह्यांनी तर नोकरीभर बघितले. वस्तीची गाडी घेऊन कोल्हापूरला मुक्कामी गेले की थिएटरात जायचेच.

शेजारची चिमाक्का तीन वाजता न चुकता येते आणि ह्यांच्या बाजूला बसते. वय सत्तर, पण काय ओरडते! "काय हाणलान रे त्याला, बघ बघ महेंद्रा!" हे मान डोलावतात. मी खोलीत गेले की मात्र आवाज वाढवतात. आज तीनदा वाढवला. ऐकायला कमी येत असावं. कान तपासून घ्यायला हवेत.

३० जानेवारी

कान उत्तम आहेत. डॉक्टर म्हणाले, माझ्यापेक्षा चांगले. रिक्षातून येताना मी ह्यांना म्हटलं, "मग टीव्हीचा आवाज का वाढवता?" ह्यांनी बाहेर बघितलं. समजत नाही काही.

६ फेब्रुवारी

हे आजच लिहायला हवं.

दुपारी स्वयंपाकघरात कुळथाचं पीठ चाळत होते. बाहेरच्या खोलीतून ह्यांचा आवाज आला. "ता" नाही. वाक्य. अख्खं वाक्य, पूर्वीच्या भारदस्त आवाजात : "दरवाजा खोल, वर्ना दीवार से आऊँगा!"

चाळण टाकून धावले. टीव्हीवर हिरो बंद दारासमोर उभा होता, आणि पाठोपाठ खरंच भिंत फोडून आत आला. हे त्याच्या बरोबरीनं बोलत होते. त्याच्या पुढचं वाक्य, त्याच्या पुढचं, गुंडाचंसुद्धा. चिमाक्का टाळ्या पिटत होती. माझ्याकडे वळून म्हणाली, "अगो, हा तर रोजच बोलतो दुपारचा! तुला म्हायती नाय?"

मला माहीत नव्हतं. दुपारी तीन ते चार मी आत दार लावून पेपर वाचत पडते.

मी ह्यांच्या पायाशी बसले, म्हटलं, "आता मला म्हणा. कमला. क-म-ला." ह्यांचा चेहरा बंद झाला. चिमाक्कानं मोबाइलवरून पिक्चर पुढे सरकवला.

आनंद व्हायला हवा, झालाही. पण खरं लिहायचं तर राग आला. सदतीस वर्षांच्या संसारात मी दिलेला एक शब्द परत येत नाही आणि त्या गुंडाची वाक्यं येतात.

७ फेब्रुवारी

दीपालीला सांगितलं. ती उडीच मारायची बाकी होती. म्हणाली, पाठ झालेलं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेनं येतं. गाणी येतात, शिव्या येतात, वंदना येते, तसं हे. "काकू, हाच धागा धरूया. रोज त्यांच्याबरोबर बसून पिक्चर बघा. फक्त बघा. मध्ये सुधारू नका." हे शेवटचं तिनं दोनदा सांगितलं. पोर सव्वीस वर्षांची, शिकवण्यातलं तिला काय ठाऊक? चूक तिथल्या तिथे सुधारली नाही तर ती पक्की होते. हे मी तिच्या जन्माआधीपासून जाणते.

१६ फेब्रुवारी

आठवडाभर बसले. बाबांनी छप्पन साली धम्म घेतला, तेव्हापासून आमच्या घरात सकाळी "पाणातिपाता वेरमणि" म्हटल्याशिवाय चहा झालेला नाही. आणि आता सकाळी जीवहत्या न करण्याची प्रतिज्ञा, दुपारी चाळीस मुडदे. आज मोजले, चाळीस. धन्य आहे.

रात्री प्रज्ञेशचा डोंबिवलीहून फोन. मी गाऱ्हाणं केलं. "आई, त्यात डोकं लावायचं नसतं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तू पप्पांना सुधारत तर नाहीस ना? तू फोनवर रसिकाचं मराठीसुद्धा सुधारतेस. ती तुझ्याशी बोलायला घाबरते."

झोंबलं. ह्या मुलाला, सुनेला काय माहीत? मी पाली गावच्या शाळेत चौथीत होते. फळ्यासमोर उभं करून गुरुजींनी मला घरच्या बोलीतला एक शब्द पाच वेळा म्हणायला लावला, आणि पाची वेळा वर्ग हसला. घरी जाऊन रडले. बाबा म्हणाले, भाषा अशी कर की कोणाला हसायला फट मिळता नये. मी केली. पुढं त्याच पालीच्या बाजूच्या गावांत मी तेहतीस वर्षं मराठी शिकवलं आणि कोणी हसलं नाही. ही भाषा मला कोणी आंदण दिलेली नाही.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ह्यांनी मला एकदाच पिक्चरला नेलं होतं. नवा शर्ट घातला होता, मध्यंतरात वडे आणायला गेले. मी तेवढ्यात उठून बाहेर आले. म्हटलं, हे बघायला मी शिकले का? ह्यांनी वडे कागदात बांधून घेतले आणि आम्ही घरी आलो. पुन्हा कधी विचारलं नाही त्यांनी. हे आज का आठवलं कोण जाणे.

२ मार्च

युक्ती सुचली. पिक्चर आवडतात ना? मग पिक्चरांचाच अभ्यास. आठ दिवस बसून संवाद उतरवले, हिंदी शुद्ध केलं, आणि स्वाध्यायाची वही तयार केली. रिकाम्या जागा भरा : "दरवाजा ____, वर्ना ____ से आऊँगा." जोड्या लावा, एका बाजूला गुंड, दुसऱ्या बाजूला धमक्या. पुढच्या पानावर अर्थासह मराठी वाक्यरचना. चाळीस पानं भरली.

ह्यांच्यापुढं ठेवली. ते बराच वेळ पानं उलटत राहिले. डोळ्यांत पाणी आलं. माझे कष्ट बघून भरून आलं असावं.

११ मार्च

नऊ दिवस टीव्ही बंद. ह्यांनीच बंद केला. चिमाक्का दोनदा येऊन गेली, हे उठलेसुद्धा नाहीत. पेज चार चमचे. वंदनेला ओठ हलत नाहीत. मी वही काढली की डोळे मिटतात.

दीपालीनं आज मला ओट्याशी बोलावलं. "काकू, शब्द येत नाहीत ही एक गोष्ट. काका आता प्रयत्नच सोडतायत. ते एकदा सोडलं ना, तर मी काही करू शकणार नाही." माझ्या हातात उलथनं होतं, ते तसंच राहिलं.

जूनला तीन महिने राहिले. हा माणूस असाच राहिला तर? इथं बसलेला, सगळं समजणारा, आणि मी आयुष्यभर त्याच्याशी एकटीच बोलतेय? मला रडू येतंय आणि घरात विचारणारं कोणी नाही.

२० मार्च

सकाळी शेवटचा उपाय म्हणून पुन्हा वही घेतली. म्हटलं, "एकच ओळ. माझ्यासाठी." त्यांनी डाव्या हातानं वही ओढून घेतली आणि भिरकावली. ती सरळ मांडणीवर, तिथून बरणी खाली. मग माझ्याकडे बघून, मान ताठ करून :

"गप."

मी म्हटलं, "काय?"

"गप. तू. गप."

तीन शब्द. पिक्चरातले नाहीत, पाठ केलेले नाहीत. स्वतःचे.

मी काचा गोळा केल्या. संध्याकाळी दीपालीला फोन करून सांगितलं तर ती आधी हसली, मग म्हणाली, "किती छान, काकू." छान! सदतीस वर्षांत ह्यांनी माझ्यावर आवाजसुद्धा चढवला नव्हता. पण रात्रभर कानात तोच आवाज आहे आणि तो पुन्हा ऐकावासा वाटतोय.

२१ मार्च

दिवसभर गप्प राहिले. फार अवघड आहे. संध्याकाळी ह्यांनी टीव्ही लावला.

१५ एप्रिल

काल जयंती. प्रज्ञेश आणि रसिका तीन दिवसांसाठी आले होते, आज गेले. विहारात ह्यांना खुर्चीवर नेलं. लोक येऊन मोठ्यानं बोलतात, बहिऱ्याशी बोलावं तसं, आणि उत्तराआधीच पुढे सरकतात. ह्यांनी एकाला "जय..." पर्यंत आणलं, तोवर तो माणूस वळलाही होता. हे बघून माझा जीव तुटला. तिथंच लक्षात आलं, आपण घरात वेगळं काय करत होतो?

आता नियम केलाय. ह्यांनी तोंड उघडलं की मी मनात साठ आकडे मोजते. तोवर काही बोलायचं नाही, शब्द सुचवायचा नाही. महिनाभरात "चाय", "नको", "चिमा", "पाऊस" आणि "मेला" आले. "मेला" हिरोच्या शत्रूबद्दल. कमला अजून नाही.

रसिका जाताना म्हणाली, "आई, या वेळेला तुम्ही मला एकदाही टोकलं नाहीत." मी म्हटलं, मी हल्ली आकडे मोजते.

३ मे

आज दुपारी चिमाक्का नव्हती, लेकीकडे सावर्ड्याला गेलीय. आम्ही दोघंच. ह्यांनी एका हमालाचा पिक्चर लावला होता. हा त्यांनी मोबाइल टीव्हीला जोडून किमान दहा वेळा बघितलाय. त्यात हिरो आधी स्टेशनावर हमाल असतो. पांढऱ्या कपड्यांतला एक बडा माणूस सगळ्यांसमोर त्याला थोबाडीत मारतो. पुढे हमाल मोठा होऊन परत येतो आणि मग मुडदे सुरू.

थोबाडीत बसली तिथं ह्यांनी पिक्चर थांबवला. मी म्हणणार होते, पाणी हवं का? जीभ आवरली. त्यांनी हमालाकडे बोट केलं, मग स्वतःकडे. मी मोजायला लागले. साठ झाले. पुन्हा एकपासून.

"पाली," ते म्हणाले.

मग कितीतरी वेळानं, "गाडी. भरलेली." मग "तिकीट." मग पडद्यावरच्या पांढऱ्या कपड्यांकडे बोट. मग डावा हात शर्टाच्या खिशावर, जिथं नोकरीत नावाची पट्टी लावायचे. "गमरे," ते म्हणाले. "नाव वाचलान." आणि तोच हात उचलून स्वतःच्या गालावर मारला. हळूच. फट असा आवाजही झाला नाही.

मला वाटलं, उठून त्यांना धरावं. पण त्यांचं संपलं नव्हतं. हवेत बोटं उधळून दाखवली, तिकिटांचा ट्रे पडला होता, तिकिटं उडाली होती. मग "सगळे..." आणि शब्द येईना. घाम फुटला. मला शब्द ठाऊक होता का? नव्हता. मी दहा दिले असते आणि दहाही चुकीचे. शेवटी तो आला. "सगळे... खिडकी."

भरल्या गाडीतली सगळी माणसं खिडकीबाहेर बघत बसली होती.

"आणि तुम्ही?" आज एवढंच विचारलं मी.

त्यांनी हात वर करून दोरी दोनदा ओढली. डबल बेल. गाडी पुढे.

दीड तास लागला हे सांगायला. साल विचारलं तर हातानं उंची दाखवली, "प्रज्ञेश एवढा." म्हणजे तेव्हा तो पाच वर्षांचा असेल. त्या वर्षी हे वस्तीहून यायचे ते डोळे लाल करून. मी म्हणायचे, पुन्हा पिक्चर, शरम वाटत नाही? त्यांनी कधी नाही म्हटलं नाही.

४ मे

झोप नाही. सकाळी विचारलंच, "मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी माझ्या हातातल्या पेनाकडे बघितलं. "तू... अर्ज."

खरं आहे. मी अर्ज लिहिला असता. एकही चूक नसलेला, तीन प्रतींत. ह्यांना घेऊन कचेऱ्या चढले असते आणि चार साहेबांसमोर तो प्रसंग ह्यांना पुन्हा पुन्हा सांगायला लावला असता. आणि सांगताना ह्यांचं मराठी सुधारलं असतं. अर्ज करणंच बरोबर होतं, हे मी आजही म्हणेन. आपल्या माणसांनी अर्ज करूनच इथवर मजल मारलीय. पण त्या संध्याकाळी कोल्हापुरात ह्या माणसाला अर्ज नको होता. त्याला भिंत फोडून येणारा कोणीतरी हवा होता, आणि तो तिथं थिएटरात होता. मी नव्हते.

स्वाध्यायाची ती वही बंबात घातली. चाळीस पानं.

१२ मे

बुद्ध पौर्णिमा. सकाळी वंदना झाली. ह्यांनी "गच्छामि" म्हटलं. कसं म्हटलं ते लिहीत नाही. खीर केली होती, दोन वाट्या खाल्ल्या.

दुपारी मीच म्हटलं, हमालाचा पिक्चर लावा, आज शेवटपर्यंत बघू. त्यांना खरं वाटेना. आजच्या दिवशी? मी म्हटलं, हो, आजच. तथागतांनी मला समजून घ्यावं.

दोन तास चाळीस मिनिटं, मध्ये उठले नाही. शेवटी हमाल परत येतो तो ट्रक घेऊन, जिना चढून, फलाटावर. जिन्यानं ट्रक कसा चढेल? पण चढला. मी काही म्हटलं नाही. चाळीस माणसं आडवी झाली. आणि मग त्यानं त्या पांढऱ्या कपड्यांतल्या माणसाची गचांडी धरली, हात उगारला, आणि थांबला. विचार करत होता की काय, मेला!

"हाण!" कोणीतरी ओरडलं. "हाण त्येला! सोडू नको! सगळ्यांसमोर हाण!"

मीच उभी होते. खुर्चीचा हात बडवून तळवा लाल झाला होता. शाळेत जायच्या आधी मी ज्या आवाजात ओरडायचे तो आवाज होता तो, आणि मी रडत होते, आणि मला कशाचीही लाज वाटत नव्हती. हिरोनं हाणलान. खूप हाणलान.

ह्यांनी पिक्चर थांबवला. माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या. मी आकडे मोजायचे विसरले, नुसती बघत राहिले.

"कमला," ते म्हणाले.

मी हललेही नाही.

"तवा गाडीत तू हवी व्हतीस."

मी "हो" म्हटलं.